सुई सापडली की मावशींना हाक मारायची, हे बंद करा

आज ऑफिसच्या मागच्या गेटपाशी वापरलेली सिरिंज सापडली. चार शिकलीसवरलेली माणसं गोळा झाली, फोटो निघाले, ग्रुपवर गेले आणि मग, अर्थातच, मावशींना हाक. मावशींनी हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून सिरिंज उचलली, शेजारी पडलेलं टोपण सुईवर नीट बसवलं, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत टाकली आणि बाटली कचऱ्यात. सगळ्यांनी माना डोलावल्या. झालं काम!

डोंबल झालं. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकीची होती, आणि दोष मावशींचा नाही. त्यांना कुणी कधी काही सांगितलेलंच नाही.

ते टोपण बघून तर अंगावर काटा येतो. वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवायचं नसतं. एका हातात सिरिंज, दुसऱ्या हातात टोपण, नेम तसूभर चुकला की सुई बोटात. रोज इंजेक्शनं देणाऱ्या नर्सनाही असंच टोचतं, म्हणून दवाखान्यांतसुद्धा याला मनाई असते. सुई वाकवायची नाही, मोडायची नाही, सिरिंजपासून सुटी करायची नाही. पडली आहे तशी उचलायची.

उचलायची कशी? आधी माणसं लांब करा. पायात बंद बूट हवेत. मग टॉर्च घेऊन आजूबाजूला बघा, कारण जिथे एक असते तिथे दुसरी असू शकते: गवतात, जाळीच्या फटीत, पाल्याखाली. पाला हाताने किंवा पायाने सारायचा नाही, काठीने सारायचा. मग झाकण काढलेला डबा सुईशेजारी जमिनीवर ठेवा. डबा दुसऱ्या हातात धरणारे महाभाग असतात. अहो, मग नेम तुमच्याच हातावर धरलेला असतो ना! चिमट्याने सिरिंज नळीच्या मध्यावर पकडा, सुईचं टोक खाली आणि आपल्यापासून लांब, आणि टोकाकडून डब्यात सोडा. चिमटा हातभर लांब आणि पकडीला रबर असलेला घ्या. गुळगुळीत स्टीलमध्ये गोल नळी फिरते आणि टोक भलतीकडे वळतं. चिमटा नसेल तर लांब दांड्याचा झाडू आणि सुपली.

हातमोजे घालाच, पण ते रक्त अडवतात, सुई अडवत नाहीत. मावशींच्या त्या पिशवीची तर गोष्टच सोडा.

आणि पाण्याची बाटली? ती कचऱ्याच्या गाडीत चेपली जाते, सुई आरपार बाहेर येते, आणि पुढे कचरा हाताने निवडणाऱ्या कुणाच्या तरी तळव्यात जाते. आपल्या नजरेआड झालं की आपण मोकळे. डबा जाड, कडक प्लास्टिकचा, रुंद तोंडाचा, फिरकीच्या झाकणाचा हवा. सुयांसाठीचा खास डबा मिळाला तर उत्तमच. पाऊण भरला की बंद, कारण वरून दाबून बसवताना टोचतं. झाकणावर चिकटपट्टी, बाहेर ठळक अक्षरांत 'वापरलेल्या सुया, उघडू नये'. मग पालिकेच्या आरोग्य विभागाला किंवा जवळच्या रुग्णालयाला फोन करून कुठे द्यायचा ते विचारा. संडासात टाकून पाणी सोडणाऱ्यांनी तुंबलेली लाइन उघडणाऱ्या माणसाचा विचार करावा.

जमिनीवर रक्त असेल तर हातमोजे घालून आधी कागदाने टिपा. मग एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, ताजं कालवलेलं, दहा मिनिटं राहू द्या. त्यात टॉयलेट क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो.

ग्रुपवर लगेच 'गर्दुल्ल्यांचं काम' सुरू झालं. सिरिंज बघून ती कुणी वापरली हे कळत नाही, कृपा करून डिटेक्टिव्हगिरी नको. आपल्यातलेच कितीतरी जण ऑफिसच्या वॉशरूममध्ये इन्सुलिन घेतात आणि सुई टिश्यूत गुंडाळून टाकतात. इन्सुलिनच्या पेनची सुई ४ ते ८ मिलिमीटरची, केसासारखी बारीक. टिश्यूत ती दिसत नाही, कचऱ्याचा डबा रिकामा करणाऱ्या हाताला मात्र सापडते. त्यांनाही दोष देत नाही. तिथे एक छोटा सुयांचा डबा ठेवला असता तर त्यांनी त्यातच टाकली असती.

मान्य, रस्त्यावरच्या सुईतून एचआयव्ही होणं फारच दुर्मीळ आहे. घाबरवायचं नाहीये. पण हिपॅटायटिस बीचा, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या आजाराचा, विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरतो, तेव्हा 'रक्त सुकलंय' या बोलण्याला अर्थ नाही.

टोचलीच तर जागा लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळायची नाही, चोखायची नाही, ब्लीच लावायचं नाही. आणि त्याच दिवशी, खरं तर त्याच तासात, दवाखाना. एचआयव्ही टाळण्याची औषधं द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. द्यायची तर ती ७२ तासांच्या आतच, जितकी लवकर तितकी बरी, आणि २८ दिवस घ्यायची. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताच्या लसीचं विचारतील. हिपॅटायटिस सीला लस नाही, त्यासाठी तपासण्याच. पोटावर पाय येईल या भीतीने माणूस टोचल्याचं लपवतो, आणि ते ७२ तास तसेच निघून जातात. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, माझा पारा पुन्हा चढतोय.

उद्या ॲडमिनला मेल जाणार आहे: चिमटा, जाड हातमोजे, टॉर्च, डबा, एका पेटीत, गेटवर. उचलायचं काम प्रत्येक पाळीत शिकवलेल्या दोघांचं, त्यांची नावं पेटीवर. शिवाय सफाईच्या आणि सुरक्षेच्या सगळ्यांना हिपॅटायटिस बीची लस, कंपनीच्या खर्चाने: पहिला डोस, एका महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. ज्यांना मेलखाली आपलं नाव हवंय त्यांनी कमेंटमध्ये सांगा.