कैरोचं वय काय?

पक्या इजिप्तहून परतून आठवडा झाला, पण इजिप्त काही त्याच्या अंगातून उतरत नाही. काल कट्ट्यावर कटिंग यायच्या आतच त्याने जाहीर केलं, "कैरो म्हणजे पाच हजार वर्षं जुनं शहर. लावा पैज!"

"पाच हजारांच्या आसपास असतील तर पिरॅमिड," शिरीषकाका म्हणाले. काका इतिहासाचे निवृत्त मास्तर, त्यामुळे खोडून काढणं हा हक्कच. "तेव्हा राजधानी होती मेम्फिस, तिकडे दक्षिणेला. कैरो वसलं 969 साली. फातिमी घराण्याचा खलिफा मुइझ, त्याचा सेनापती जौहर आला, त्याने तट आखला, नाव पडलं अल-काहिरा. संपलं."

मंदारला कुणी 'संपलं' म्हटलं की तो तिथूनच सुरू होतो. "आणि फुस्तात? 641च्या सुमारास अरब सेनापती अम्र इब्न अल-आसने वसवलं ते गाव कुणाचं?"

"ते गाव वेगळं."

"तीनचार किलोमीटरवर वेगळं गाव? अहो काका, तिथे प्रत्येक नव्या राजवटीला जुन्या वस्तीचा वीट यायचा. बगदादच्या अब्बासी खलिफांनी फुस्तातच्या शेजारी अल-अस्कर बसवलं. त्यांच्याच सुभेदाराने, इब्न तुलूनने, त्याच्या पुढे अल-कताई. 905 मध्ये अब्बासी परत आले आणि अल-कताई पाडून टाकलं, ठेवली फक्त इब्न तुलूनची मशीद. आजही उभी आहे. मग जौहर आणखी पुढे सरकला. सगळे एकाच दिशेने, ईशान्येकडे."

"ईशान्येकडेच का?" हे मी विचारलं.

"एका बाजूला नाईल, दुसऱ्या बाजूला मुकत्तमचा डोंगर. आणि वारा वाहतो उत्तरेकडून. साहेबांना ताजा वारा, गावाचा धूर गावाला!"

हे मला पटलं. काकांना नाही. पण मंदारचा खरा मुद्दा पुढे होता. अल-काहिरा हे मुळात शहर नव्हतंच, तटाआड राजवाडे आणि फौज. सामान्य माणसाला आत जायला परवानगी लागायची. बाजार, गलबतं, माणसं सगळी फुस्तातला. अकराव्या शतकात नासिर खुस्रो नावाचा इराणी प्रवासी तिथे गेला, तर त्याने सात ते चौदा मजली घरं लिहून ठेवली आहेत. ("प्रवाशाने सांगितलेले मजले निम्मे करून घ्यावेत," काका.)

"त्या फुस्तातची आपल्याकडे ये-जा होती," मंदार म्हणाला. "तिथल्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहाच्या, एका खोलीत तीन लाखांवर कागदाचे तुकडे सापडले. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही, म्हणून जुनी पत्रं, हिशोब, सगळं साठत गेलं. त्यात बाराव्या शतकातला बेन यिजू नावाचा व्यापारी आहे. मंगळूरला राहून मिरी पाठवायचा, पितळेच्या भांड्यांचा कारखाना चालवायचा. शेवटी गेला तो इजिप्तलाच. खलिफाचे राजवाडे गेले, याची मालाची यादी राहिली."

"पण 1168 मध्ये फुस्तात जाळलं ना," काका हटून बसले. "वजीर शावरने. क्रूसवाल्यांच्या हाती लागू नये म्हणून. चोपन्न दिवस धुमसत होतं."

"हे इतिहासकार मक्रीझी सांगतो. तो लिहीत होता अडीचशे वर्षांनी. आगीनंतरचीही पत्रं त्याच खोलीत आहेत, म्हणजे लोक राहत होतेच. पुढे सलाहुद्दीनने फातिमी खिलाफत मोडली, अल-काहिराचे दरवाजे सगळ्यांना उघडले आणि दोन्ही वस्त्यांना एकाच तटात घ्यायचा घाट घातला. तट पुरा झाला नाही, ते सोडा. तेव्हा कुठे हे एक शहर झालं."

एवढा वेळ गप्प बसलेला पक्या इथे उठला. "त्या सलाहुद्दीनचा किल्ला पाहिला मी. गाईड म्हणाला, दगड पिरॅमिडचे आहेत."

काकांनी पेपरची घडी उलगडली, परत घातली. "गिझाचे छोटे पिरॅमिड," ते नाइलाजाने म्हणाले. "कराकुश नावाच्या अमीराने फोडून आणले."

"म्हणजे कैरोत पाच हजार वर्षांचा माल आहेच की!"

"साडेचार," काका म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. मंदार हसून हसून खोकायला लागला.

"आणखी एक गंमत," पक्या आता सुटलाच. "टॅक्सीवाला सारखा 'मस्र, मस्र' करत होता. मला वाटलं, देशाबद्दल बोलतोय. शेवटी कळलं, कैरोलाच म्हणतो."

"तिथे देशालाही मस्र आणि राजधानीलाही मस्र," मंदार म्हणाला. "काहिरा सरकारी कागदावर. आता तर सरकारनं नवीच राजधानी काढली आहे, 2015 मध्ये जाहीर केली. पूर्वेला पंचेचाळीस किलोमीटरवर, वाळवंटात. मंत्रालयं गेलीसुद्धा."

"परत वारा खायला," मी म्हटलं.

पैज कोण हरलं ते ठरेना. काका 969 सोडेनात, मंदार 641 सोडेना, पक्याच्या खिशात अजून इजिप्शियन पौंडच होते. चहावाल्याने वाट पाहिली आणि चार कटिंग काकांच्या नावावर मांडून टाकले.