दोन ‘बीआर’ म्हणजे परिच्छेद नव्हे

संकेतस्थळ बनवायला शिकणाऱ्यांना सर्रास दिला जाणारा सल्ला असा : नवा परिच्छेद हवा असेल तर पान लिहिण्याच्या एचटीएमएल भाषेतली ओळ तोडणारी ‘बीआर’ ही खूण (टॅग) दोनदा टाकावी, परिच्छेदासाठीचा ‘पी’ टॅग लावूनही पडद्यावर तेच दिसते, उलट त्याने नको तेवढी जागा सुटते आणि तो बंद करायचा राहिला तर पान बिघडते. यातले एकही कारण टिकत नाही.

‘तेच दिसते’ हे मराठी मजकुराबाबत तर मुळीच खरे नाही. ब्राउझर ‘पी’च्या वर-खाली १ एम, म्हणजे अक्षराच्या आकाराएवढे, मार्जिन (मोकळी जागा) सोडतो. दोन ‘बीआर’मुळे मात्र अख्खी रिकामी ओळ पडते आणि तिची उंची लाइन-हाइटवर, म्हणजे प्रत्येक ओळीला दिलेल्या उंचीवर, ठरते. देवनागरीत वर वेलांट्या व रफार, खाली उकार आणि उभी जोडाक्षरे असल्यामुळे लाइन-हाइट १.८ पर्यंत न्यावी लागली, की ही रिकामी ओळही १.८ एमची होते आणि लेखाचे तुकडे पडल्यासारखे दिसतात. ‘पी’चे मार्जिन तेवढेच राहते.

जागा जास्त सुटते, ही तक्रार पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या एका नियमाने मिटते. शेजारच्या दोन परिच्छेदांच्या मार्जिनांची बेरीज होत नाही, त्यांतले मोठे तेवढे उरते. छापील मराठी पुस्तकासारखी मांडणी हवी असेल, तर मार्जिन शून्य करून ‘पी’नंतर येणाऱ्या प्रत्येक ‘पी’ला टेक्स्ट-इंडेंट (पहिल्या ओळीआधीची जागा) द्यावे, पहिला परिच्छेद कडेपासून सुरू होतो, पुढचे आत सरकतात. ‘बीआर’ने तोडलेल्या मजकुरात परिच्छेद हा घटकच नसल्याने हा नियम लावायला जागाच नसते.

बंद करण्याची भीतीही अनाठायी आहे, कारण पुढचा ‘पी’, मथळा किंवा यादी सुरू होताच ब्राउझर आधीचा ‘पी’ आपोआप बंद करतो. खरी चूक होते ती ‘पी’च्या आत यादी घालताना : यादीपाशीच परिच्छेद संपतो, तिच्यानंतरचा मजकूर त्याच्या शैलीबाहेर पडतो आणि शेवटी लिहिलेल्या बंद टॅगमुळे एक रिकामा ‘पी’ तयार होतो. सुरुवातीच्या एचटीएमएलमध्ये ‘पी’ नुसता विभाजक होता. १९९५च्या एचटीएमएल २.० पासून तो मजकूर सामावणारा घटक झाला. विभाजक टाकत जाण्याची सवय मात्र अजून सुटलेली नाही.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे वाचणारा फक्त डोळ्यांनीच वाचतो, असे या सल्ल्यात गृहीत धरले आहे. जॉज हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) वापरणारी दृष्टिहीन व्यक्ती ‘पी’ ही कळ दाबून पुढच्या परिच्छेदावर जाते. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या २०१८च्या डब्ल्यूसीएजी २.१ या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वाचकाने परिच्छेदांनंतरचे अंतर अक्षराच्या आकाराच्या दुप्पट केले, तरी मजकूर वा सोय हरवता कामा नये. ‘बीआर’च्या पानावर ते अंतर त्याला वाढवताच येत नाही.

अभंगाचे चरण किंवा टपालाचा पत्ता यांत ओळ तोडणे हा मजकुराचाच भाग असतो, तेथे ‘बीआर’ अवश्य वापरावा.