नंबर दिला म्हणून नाव पुसलं गेलं नाही

मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांबद्दलचा एक मजकूर मराठी ग्रुपांवर वरचेवर फिरतो. शब्द बदलतात, सांगणं तेच: पेशवाई बुडाल्यावर मराठा सैनिकांना फसवून जहाजांत भरलं, तिथे उतरताच गोऱ्यांनी त्यांची नावं काढून घेऊन नंबर दिले, ती माणसं मळ्यात राबून मेली आणि मागे कागदाचा कपटाही उरला नाही, म्हणून आता आडनाव जुळवून किंवा डीएनए तपासूनच मूळ गाव सापडू शकतं. पाठवणाऱ्याच्या मनात आपुलकी असते, याबद्दल मला शंका नाही. पण यातली बहुतेक विधानं चुकीची आहेत, आणि त्यांचं नुकसान खरं आहे. ज्याला आपला खापरपणजोबा कागदावर सापडला असता, तो हे वाचून शोधायलाच जात नाही.

“मागे एकही कागद उरला नाही”

इथे तर परिस्थिती नेमकी उलटी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कोकणातल्या एखाद्या गरीब कुळाबद्दल त्याच्या स्वतःच्या गावात जेवढं लिहिलेलं सापडेल, त्याच्या कितीतरी पट जास्त मॉरिशसला गेलेल्या त्याच्या भावाबद्दल सापडतं.

कारण साधं आहे. 1 फेब्रुवारी 1835 रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि उसाच्या मळ्यांना नवे हात हवे होते. त्याच्या थोडं आधी, 1834 मध्ये, हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेणं सुरू झालं, ते 1910 पर्यंत चाललं. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून मिळून सुमारे साडेचार लाख माणसं गेली. प्रत्येक मजुरामागे कुणाचे तरी पैसे गुंतलेले होते: प्रवासखर्च कुणी भरला, करार कोणत्या मळ्याशी, मुदत कधी संपते. त्यामुळे सरकारने प्रत्येकाची नोंद ठेवली. मायेपोटी नव्हे, ताब्यात ठेवण्यासाठी.

त्या रजिस्टरांत माणसाचं नाव, बापाचं नाव, वय, जात, अंगावरची खूण, जिल्हा, आणि पुष्कळदा तालुका व गाव असतं. पुढे त्याच ओळीत तो कोणत्या मळ्यावर गेला, परतला की वारला, हेही कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. 1860 च्या दशकाच्या मध्यापासून मजुरांचे फोटो काढले जाऊ लागले. 1867 च्या कायद्याने करारातून सुटलेल्या जुन्या मजुरालाही फोटो लावलेलं तिकीट, म्हणजे ओळखपत्र, जवळ बाळगणं भाग पडलं. तो कायदा छळाचाच होता, आणि 1872 मध्ये शाही चौकशी आयोग आला तेव्हा त्याच्या जाचाबद्दल बरंच बाहेर आलं. पण त्याचा एक परिणाम असा की 1840 च्या दशकात गेलेल्या माणसाचाही चेहरा आज सापडू शकतो. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ही कागदपत्रं जपलेली आहेत आणि वंशज तिथे अर्ज करून आपल्या पूर्वजाची नोंद मागू शकतात. सगळं धड आहे असं नाही. अगदी सुरुवातीच्या वर्षांच्या नोंदी तुटक आहेत, आणि प्रत्येकाचा फोटो मिळेलच असंही नाही.

“नावं काढून नंबर दिले”

नंबर दिला हे खरं. त्यातली मानहानी कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण नाव काढून घेतलं हे खरं नाही. नंबर नावाच्या शेजारी लिहिला गेला. आज शोध घेणाऱ्यासाठी तो नंबरच सगळ्यात मोलाचा आहे, कारण रामा, गोविंद किंवा बाबाजी नावाची माणसं शेकड्यांनी आली, तर नंबर एका माणसाचा एकच. स्त्रियांना आणि आईबापांबरोबर आलेल्या मुलांनाही स्वतःचे नंबर होते. बेटावर जन्मलेल्या मुलांना मात्र नंबर नाही. त्यांच्या नोंदी नागरी जन्मनोंदणीत बघायच्या.

म्हणून शोध आजपासून मागे न्यायचा. आधी आजोबांचा जन्मदाखला, मग त्यांच्या आईबापांच्या लग्नाची आणि मृत्यूची नोंद. जुन्या मजुराच्या अशा नोंदीत पुष्कळदा त्याचा नंबर लिहिलेला असतो. तिथे एक अडचण हमखास येते. हिंदू पद्धतीने लागलेलं लग्न सरकारात नोंदवलेलं नसेल तर ते कायद्याने धरलं जात नसे, आणि मूल आईच्या नावावर नोंदवलं जाई. त्यामुळे बापाचं नाव दाखल्यावर नाही, एवढ्यावरून काहीही वाईट अनुमान काढू नका. आईचा नंबर शोधा.

नंबर हाती आला की त्याच्या मागचे-पुढचे नंबरही जरूर पाहावेत. ते क्रमाने दिलेले असत, म्हणजे शेजारचा नंबर बहुधा त्याच जहाजावरच्या माणसाचा. मळ्यावरचे सरदार म्हणजे मुकादम भरतीसाठी आपापल्या मुलखात परत येत आणि ओळखीची माणसं घेऊन जात. तुमच्या पूर्वजाच्या ओळीत नुसता जिल्हा लिहिला असेल, तर त्याच्या पुढच्या माणसाच्या ओळीत गाव सापडू शकतं. सगळ्यांना पळवून नेलं, या समजुतीतली अपुरी बाजूही इथे कळते. फसवणूक झाली, खूप झाली. पण भाऊबंदांच्या आणि गाववाल्यांच्या भरवशावर निघालेली माणसंही त्याच जहाजांवर होती.

“आडनाव जुळलं की गाव सापडलं”

हा सल्ला सरळसरळ दिशाभूल करणारा आहे. रजिस्टरात बहुतेकांचं स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढंच आहे. पुढच्या पिढीत त्या पहिल्या माणसाचं नावच आडनाव झालं. समजा सखाराम नावाचा माणूस उतरला, तर त्याची नातवंडं आज सखाराम आडनाव लावतील. कोकणात सखाराम आडनावाचं घराणं शोधून काय मिळणार? त्याचा सख्खा भाऊ धोंडू बरोबर आला असेल तर त्याच्या वंशजांचं आडनाव धोंडू. रक्ताची दोन कुटुंबं दोन आडनावांची, आणि एकाच आडनावाची दहा कुटुंबं एकमेकांची कुणीच नाहीत. त्यात इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं, पुढे फ्रेंच वळणाच्या कारकुनाने आपल्या पद्धतीने, म्हणून एकाच माणसाच्या नावाची तीन-चार रूपं एकाच घरच्या दाखल्यांवर दिसतात.

गावाचं नाव मिळालं तरी जिल्हा आजच्या नकाशावर शोधू नये. रजिस्टरातलं “रत्नागिरी” म्हणजे जुना मोठा जिल्हा: आज सिंधुदुर्गात असलेले मालवण, देवगड हे तालुके त्यातच होते, कारण सिंधुदुर्ग 1981 मध्ये वेगळा झाला. सावंतवाडी मात्र तेव्हा संस्थान होतं, त्यामुळे तिथल्या माणसाची नोंद वेगळी.

मग गावात काय पाहायचं? जो गेला तो तिथल्या जन्मनोंदीत मिळणार नाही. मुंबईमार्गे गेलेल्यांतला मोठा भाग 1842 पासून 1860 च्या दशकापर्यंतचा, आणि तेव्हा गावात अशी नोंदच होत नव्हती. पण त्याच्या मागे राहिलेल्या भावांची, पुतण्यांची नावं असतात. खोतीच्या गावांत कुळांची नावं खोताच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराच्या, दफ्तरात, पुढे सर्वे झाला तेव्हाच्या बोटखतात, म्हणजे कोणती जमीन कुणाकडे याच्या नोंदवहीत, आणि नंतर हक्कनोंदणीत व फेरफारात. जुनं सगळं मोडीत आहे, तेव्हा मोडी वाचणारा माणूस सोबत हवा. जुळवायचं ते बापाचं नाव. मॉरिशसच्या रजिस्टरातला बाप आणि गावच्या कागदातल्या भावाचा बाप एकच निघाला, तर धागा लागला.

“मजूर म्हणून गेले, मजूर म्हणून मेले”

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण त्यात त्यांच्या उरलेल्या आयुष्याची सगळी मेहनत झाकली जाते. आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश हिंदुस्थानात परतले. जे राहिले त्यांतल्या कितीतरी जणांनी करार संपल्यावर भाजीपाला लावला, गाई-म्हशी पाळल्या, पैशाला पैसा जोडला. साखरेचे भाव घसरले तशी 1880 च्या सुमारास मळेवाल्यांनी कडेच्या जमिनींचे तुकडे पाडून विकायला काढले, आणि ते घेणारे बहुतांशी हेच जुने मजूर होते. बेटावरची कितीतरी खेडी अशी वसली. पश्चिमेकडचं कास्कावेल हे तर मराठी लोकांचं जुनं ठाणं.

या खरेद्यांचे दस्त आहेत. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं तरी फ्रेंच दिवाणी कायदा चालू ठेवला, त्यामुळे जमिनीचा व्यवहार नोटरीपुढे, फ्रेंच भाषेत होत राहिला. अशा दस्तात घेणाऱ्याचं नाव, तो कुठे राहतो, किती रक्कम रोख दिली, किती हप्त्यांनी, चतुःसीमेला कोण, हे सगळं असतं, कधी मजूर-नंबरही. वंशावळ काढणारे जन्ममृत्यूपाशी थांबतात. जमिनीचा दस्त उघडला की तो माणूस कसा जगला ते दिसू लागतं: कुणाबरोबर भागीत जमीन घेतली, बायकोच्या नावावर काय केलं, शेजारी कुठला गाववाला होता.

“ते सगळे मराठा सैनिक होते”

पेशवाई 1818 मध्ये संपली. रजिस्टरातली बहुतेक वयं विशी-तिशीतली आहेत. 1845 मध्ये पंचवीस वर्षांचा असलेला माणूस पेशवाई बुडाल्यावर जन्मलेला. त्याने कोणत्या फौजेत चाकरी केली असणार? त्या ओळींत मराठे आहेत, कुणबी आहेत, महार आहेत, इतरही आहेत. जातीचा रकानाही कारकुनाने विचारून किंवा न विचारता भरलेला, तो अंतिम पुरावा धरू नये. सैनिकांची कहाणी सांगितल्याने कुणाचा मान वाढत नाही. उलट जो शेतमजूर घर सोडून गेला त्याच्या जागी एक खोटा माणूस उभा राहतो, आणि महार म्हणून नोंदलेल्या आजोबाचा नातू मूळ शोधताना बिचकतो.

“डीएनएने गाव कळतं”

कळत नाही. चाचणी तुमची तुलना ज्यांनी आधी चाचणी केली आहे त्यांच्याशी करते. दूरचा नातलग त्या यादीत असेल तर नातं दिसेल, आणि कोकणातल्या खेड्यांतून अशी चाचणी करणारे फारच थोडे. प्रदेशाचा मोटामोटी अंदाज मिळतो, तालुका मिळत नाही. पैसे खर्चायचेच असतील तर आधी दाखल्यांच्या नकला काढा आणि नंबर हाती आल्यावर मोका इथल्या इन्स्टिट्यूटकडे अर्ज करा.