बोनस लागला म्हणून शेअर घेणाऱ्यांसाठी

कुठल्याही मोठ्या कंपनीने बोनस जाहीर केला की सगळ्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो: "एकास एक बोनस आहे, रेकॉर्ड डेटच्या आधी घेऊन ठेवू का?"

(एकास एक म्हणजे हातातल्या प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट. रेकॉर्ड डेट म्हणजे ज्या दिवशी शेअर ज्याच्या नावावर असतील त्यालाच बोनस मिळतो, तो दिवस.) कंपनी पटली असेल तर जरूर घ्या. बोनससाठी मात्र घेऊ नका, कारण बोनसमध्ये बाहेरून एक रुपयाही येत नाही. कंपनी राखीव निधीतली रक्कम भागभांडवलात टाकते. ताळेबंदात आकडा एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जातो, बस. एका भाकरीचे चाराऐवजी आठ तुकडे केले म्हणून कुणाचं पोट जास्त भरत नाही. रिलायन्सच्या १:१ बोनसची रेकॉर्ड डेट २८ ऑक्टोबर २०२४ होती. शुक्रवारी २,६०० च्या वर असलेला शेअर त्या सोमवारी १,३०० च्या घरात उघडला. भाव लगेच अर्धा होतो आणि बोनसचे शेअर खात्यात यायला दिवस लागतात, त्यामुळे अशा वेळी ॲपमध्ये पन्नास टक्के तोटा लाल अक्षरांत दिसतो. तो पाहून घाबरून विकू नका. आता नियमानुसार बोनसचे शेअर रेकॉर्ड डेटनंतर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी विकता येतात, म्हणजे फार वाट बघावी लागत नाही.

खरी गोम करात आहे, आणि त्याबद्दल जवळपास कुणीच विचारत नाही. समजा ६०० रुपयांनी १०० शेअर घेतले, म्हणजे ६०,००० गुंतले. १:१ बोनसनंतर २०० शेअर झाले आणि भाव ३०० झाला. ॲप कदाचित सरासरी खरेदी ३०० दाखवेल, पण आयकराच्या हिशेबात जुने शेअर ६०० चे आणि बोनसचे शेअर शून्य रुपयांचे. डीमॅटमधून विकताना आधी आलेले शेअर आधी जातात. म्हणजे पहिले १०० शेअर ३०० ला विकले तर कागदावर ३०,००० तोटा. उरलेले १०० त्याच भावाला विकले तर अख्खे ३०,००० नफा, आणि वर्षाची मोजणी बोनस मिळाल्याच्या तारखेपासून. वर्षाच्या आत विकलेत तर २० टक्के दराने कर. वर्षानंतर विकलेत तर १२.५ टक्के, तोही वर्षभराचा असा एकूण नफा सव्वा लाखाच्या वर गेला तर. स्प्लिटमध्ये, म्हणजे एका शेअरचे तुकडे करून जास्त शेअर केले जातात तेव्हा, ही भानगड नाही. तिथे किंमत विभागली जाते आणि खरेदीची तारीख जुनीच राहते. लोक मात्र दोन्ही एकाच मापाने मोजतात.

"मग रेकॉर्ड डेटच्या आधी घ्यायचे, नंतर जुने विकून तोटा दाखवायचा, बोनस ठेवून द्यायचा" ही शक्कलही पुष्कळांना सुचते. आयकर खात्यालाही ती सुचलेली आहे. रेकॉर्ड डेटच्या आधीच्या तीन महिन्यांत घेतलेले शेअर नंतरच्या नऊ महिन्यांत विकले आणि बोनसचे शेअर हातात ठेवले, तर तो तोटा वजा करू देत नाहीत. ती रक्कम बोनसच्या शेअरची खरेदी किंमत धरली जाते. आधी हा नियम फक्त म्युच्युअल फंडाच्या युनिटांना होता, २०२३-२४ या आकारणी वर्षापासून शेअरनाही लागू झाला.

डिव्हिडंडची, म्हणजे लाभांशाची, कथाही तशीच. आपल्याकडे सौदा लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी पूर्ण होतो, म्हणून एक्स-डेट (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही) आणि रेकॉर्ड डेट साधारण एकाच दिवशी येतात. रेकॉर्ड डेट शुक्रवारी असेल तर शेअर गुरुवारपर्यंत घेतलेला हवा. शुक्रवारी घेतला तर तो खात्यात येणार सोमवारी, डिव्हिडंड जुन्या मालकाला. उलट शुक्रवारी विकणाऱ्यालाही डिव्हिडंड मिळतो, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं.

आता हिशेब. ४०० चा शेअर, २० रुपये डिव्हिडंड, १०० शेअर. २,००० आले. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेससकट ६२४ करात गेले, हातात १,३७६. बाकी काही घडलं नाही तर एक्स-डेटला भाव ३८० च्या आसपास उघडतो, म्हणजे तिथे २,००० गेले. वर खरेदी-विक्रीचा एसटीटी (शेअर व्यवहारावरचा सरकारी कर) ७८ रुपये, मुद्रांक शुल्क ६ आणि विक्रीचा डीपी चार्ज (डीमॅट खात्यातून शेअर काढण्याचं शुल्क) धरला की शंभराची नोट गेली. भावातला तोटा तुम्ही भांडवली नफ्यातून वजा करू शकता, डिव्हिडंडमधून नाही. आणि टीडीएस (कंपनीने आधीच कापून भरलेला कर) कापला नाही म्हणजे कर लागत नाही, असं समजू नका. एका कंपनीकडून वर्षाला १०,००० पर्यंत टीडीएस होत नाही, उत्पन्न मात्र रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं.

(डीपी चार्जवरून आठवलं: तो एका शेअरमागे नसतो, एका कंपनीमागे एका दिवसाला असतो. पाच-पाच शेअर रोज विकणारे तो रोज भरतात.)

दुसरा नेहमीचा प्रश्न: "खाली आलाय, ॲव्हरेज करू का?" ५०० ने १०० शेअर घेतले, भाव ३०० झाला, आणखी १०० घेतले, सरासरी ४०० झाली. ॲपमधला तोटा ४० टक्क्यांवरून २५ वर आला आणि मनाला बरं वाटलं. पण रुपयांत बघा: तोटा आधीही २०,००० होता, आताही २०,०००च आहे. बदललं एवढंच की एकाच कंपनीत ५०,००० ऐवजी ८०,००० अडकले. येस बँक ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० च्या आसपास होती. ३०० ला, २०० ला, १०० ला "आता याहून खाली काय जाणार" म्हणत घेणाऱ्यांना मार्च २०२० मध्ये २० च्या खालचा भावही दिसला. त्यातच पुनर्रचना योजनेत १०० पेक्षा जास्त शेअर असणाऱ्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. पुढच्या काही दिवसांत भाव उसळला तेव्हा विकायला मोकळा होता फक्त चौथा हिस्सा.

डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचं त्याहून वाईट झालं. दिवाळखोरीत व्यवसाय पिरामल समूहाकडे गेला, कर्ज देणाऱ्यांना थकबाकीचा काही भाग मिळाला आणि भागधारकांना शून्य. जून २०२१ मध्ये शेअर बाजारातून निघाला, तरी त्याआधी पिरामलच्या आराखड्याला मंजुरी मिळाल्याची बातमी आल्यावर लोक तो अप्पर सर्किटला, म्हणजे त्या दिवशीच्या वाढीच्या कमाल मर्यादेला, घेत होते! दिवाळखोरीत कंपनी वाचली तरी भागधारक रांगेत सर्वांत शेवटी उभा असतो. "मोठा ग्रुप घेतोय" हे ऐकून पेनी शेअर (अगदी कमी भावाचा शेअर) उचलण्याआधी त्या आराखड्यात सध्याच्या भागधारकांना काय मिळणार, ती एक ओळ शोधा.

आयपीओबद्दल, म्हणजे कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीबद्दल, थोडक्यात. तिथे ठरावीक शेअरच्या गठ्ठ्याने अर्ज करतात, त्याला लॉट म्हणतात. "तेरा लॉट टाकले तर लागण्याची शक्यता वाढेल ना?" मागणी भरमसाट असेल तर नाही. २ लाखांपर्यंतच्या किरकोळ गटात लॉटपेक्षा अर्ज जास्त झाले की सोडत निघते, आणि ज्याचा नंबर लागेल त्याला एकच लॉट. लाख लॉट आणि वीस लाख वैध अर्ज असतील तर शक्यता विसात एक. तुम्ही एक लॉट मागा की तेरा. तेरा लॉटचे पैसे तेवढे दिवस ब्लॉक मात्र होतात. घरातल्या चौघांनी एकेक लॉट टाकला तर गोष्ट वेगळी, पण प्रत्येकाचा पॅन, डीमॅट आणि बँक खातं स्वतःचं हवं. बायकोचा अर्ज नवऱ्याच्या यूपीआयवरून भरला तर तो बाद होतो, आणि घरोघरी नेमकं हेच केलं जातं. एकाच पॅनवर दोन ॲपमधून टाकलेले अर्जही बाद. भावाच्या रकान्यात कट-ऑफवर (म्हणजे शेवटी ठरेल तो भाव मान्य) टिक करा, नाहीतर जाहीर केलेल्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला भाव ठरला की खालचा भाव लिहिणारे आपोआप बाहेर. आणि अर्ज भरून फोन खिशात टाकू नका. यूपीआयची मँडेट विनंती (पैसे ब्लॉक करायची परवानगी) शेवटच्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत मंजूर केली नाही, तर अर्ज सोडतीपर्यंत पोचतच नाही.