युनियनचा हिशेब चुकतोय कुठे?

सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांमध्ये एक मेसेज बराच फिरतो: ‘युनियन ही मेमरी वाचवायची जुनी युक्ती. तिची साइझ सगळ्यांत मोठ्या मेंबरएवढी. एका मेंबरमध्ये लिहून दुसऱ्यातून वाचलं की अनडिफाइन्ड बिहेव्हियर. आता मेमरी स्वस्त झालीय, सरळ स्ट्रक्ट वापरा.’

स्ट्रक्टमध्ये प्रत्येक मेंबरला स्वतःची जागा असते, युनियनमध्ये सगळे मेंबर एकाच जागेत. अनडिफाइन्ड बिहेव्हियर म्हणजे काय होईल याची भाषेचं स्टँडर्ड काहीच हमी देत नाही. साइझचं लगेच आटपू. ५ कॅरेक्टरचा अ‍ॅरे आणि ४ बाइटचा इंट एका युनियनमध्ये ठेवा. नेहमीच्या मशीनवर साइझ मोजणारा साइझऑफ ५ नाही, ८ सांगतो. इंटला ४ च्या पटीतला पत्ता लागतो, म्हणून साइझही ४ च्या पटीत न्यायला शेवटी ३ बाइट पॅडिंग, म्हणजे रिकामी भर.

वाचण्याच्या मुद्द्यावर सी आणि सी प्लस प्लसची गल्लत झालीय. सी प्लस प्लसमध्ये सर्वसाधारणपणे ते अनडिफाइन्डच. सीमध्ये मात्र सी९९ या स्टँडर्डच्या २००७ मधल्या दुरुस्तीने तळटीप घालून वाद मिटवला: तेच बाइट नव्या टाइपचे समजून वाचले जातात. फ्लोटमध्ये १.० लिहा, ३२ बिटच्या अनसाइन्ड इंटमधून वाचा. आयईईई ७५४ (फ्लोटचे बिट कसे मांडायचे याचं मानक) पाळणाऱ्या मशीनवर १०६५३५३२१६ येणार. ते बाइट नव्या टाइपची वैध किंमत नसतील तर मात्र फसाल. आणि खरा नियमभंग आहे तो फ्लोटचा पत्ता इंटच्या पॉइंटरमध्ये कास्ट करून वाचण्यात. तिथे स्ट्रिक्ट एलियसिंग (एका टाइपची किंमत सहसा दुसऱ्याच टाइपच्या पॉइंटरने वाचायची नाही, हा नियम) मोडतं, कंपायलरचा ऑप्टिमायझर काहीही करू शकतो. युनियनला घाबरून तो कास्ट करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आता मेमरी. कुठला मेंबर चालू आहे हे युनियन लक्षात ठेवत नाही, कंपायलरही विचारत नाही. ती खूण, म्हणजे टॅग, आपणच सांभाळायची. ४ बाइटचा टॅग, इंट आणि डबल असा साधा स्ट्रक्ट ६४ बिटच्या नेहमीच्या मशीनवर १६ बाइटचा. इंट-डबलची युनियन करून टॅग शेजारी ठेवा: टॅग ४, पॅडिंग ४, युनियन ८. पुन्हा १६च! बचत शून्य. मेंबर मोठे आणि बरेच असले की बचत होते, नाही असं नाही.

तरीही मी इथे युनियनच लिहीन. स्ट्रक्ट म्हणतो, दोन्ही किमती आहेत. युनियन म्हणते, यांतली एकच. युनिक्सवरच्या एक्स११ या विंडो सिस्टिममधली एक्सइव्हेंट ही युनियन बघा. की दाबली, माउस हलला, विंडोची साइझ बदलली: एका वेळी एकच घटना. तिच्यातल्या प्रत्येक स्ट्रक्टची सुरुवात ‘टाइप’ नावाच्या इंटनेच होते, म्हणून आधी टाइप वाचायचा, मग स्विच. सुरुवातीचा असा समान भाग कुठल्याही मेंबरमधून वाचायला स्टँडर्डची उघड परवानगी आहे.