गट्टू, तुडूम आणि श्रीवर्धनचा बाक

मिस्त्री श्रीवर्धनहून आला त्याला चार दिवस झाले, तरी त्याचा समुद्र काही ओसरत नव्हता.

आमचा कट्टा म्हणजे पानठेल्यासमोरचा सिमेंटचा ओटा. भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातलं गाव. पुढं डांबरी रस्ता, मागं तलावाची पाळ, जिला आम्ही पार म्हणतो. धान निघालं, चुरणं झालं, काटा झाला, की जानेवारीत माणसाला बोलायला वेळच वेळ असतो.

मिस्त्री गवंडी आहे. त्याचा जावई रायगड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर. आपल्याकडची पोरं तिकडं शिकवतात आणि दर दिवाळीला बदलीच्या आशेवर गावी येऊन परत जातात, त्यातलाच एक. पोरीनं फारच बोलावलं म्हणून मिस्त्री आणि वहिनी वरठीला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसले. सकाळी मुंबई, मग पनवेल, माणगाव, आणि पुढं वळणावळणाची एसटी. वहिनींना ती वळणं लागली. मिस्त्रीला लागला समुद्र.

"पह्यल्या दिवशी सकाळी गेलो तं पानी पार पायऱ्याले लागलेलं," तो सांगत होता. "जेवून परत आलो तं पानी कोठी गेलं पत्ताच नाई. मी जावयाले म्हनलं, बाप्पा, तुडूम कोनं उघडलं?"

ठेल्यावर हशा झाला. आमच्याकडं पाणी कमी झालं म्हणजे कोणीतरी तुडूम उघडलं, एवढंच आम्हाला ठाऊक. पाळीच्या पोटातून पाणी सोडायचं जुनं दार ते. तलावाचं पाणी कार्तिकापर्यंत उतरतं, उन्हाळ्यात तळ दाखवतं. दिवसातून दोनदा भरून दोनदा रिकामं होणारं पाणी आमच्या हिशेबात बसत नाही.

गुरुजींनी चंद्राचं ओढणं समजावलं. भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटं पुढं सरकते, अमावस्या-पौर्णिमेला उधाण मोठं येतं, वगैरे.

"म्हंजे चंद्र तिथला पानकर हाय," कोपऱ्यातून आबाजी म्हणाले. त्यांची बांधी, म्हणजे धानाचं शेत, पाटाच्या शेवटाला आहे. पाणी वाटणाऱ्या पाणकराशी त्यांचं भांडण चाळीस वर्षांचं. "पन वेळेवर सोडते म्हनतोस नं? आपल्याइथं तसा एक आणा."

मिस्त्रीनं पिशवीतून सुपारी काढली. श्रीवर्धनची रोठा, मोठी, गोल. ठेलेवाल्यानं एक अडकित्त्यात धरून फोडली, आतला पांढरा गर पाहिला, हुंगला आणि बाकीची त्याला परत दिली. "हे खर्र्यात टाकाची नाई भाऊ. घरी देवाले ठेव." राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, पण तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणाऱ्यालाही आपल्या सुपारीची लाज असते हे मी त्या दिवशी पाहिलं. मिस्त्री म्हणाला, तिथं ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या. पुन्हा लावलेलं झाड धरायला पाच-सात वर्षं लागतात. ज्याच्याकडून सुपारी घेतली त्या म्हाताऱ्यानं त्याला वाडीत नेऊन नवी झाडं दाखवली. एका बांधीत रोवणी वाया गेली तर आम्ही वर्षभर रडतो. सात वर्षं ऐकून आबाजींनी नुसती मान हलवली.

इथवर सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. मग मिस्त्रीनं मूळ गोष्ट काढली.

"तिथी समुद्राच्या काठानं बंधारा हाय. त्याच्यावरून चालाचा रस्ता, बसाले बाक, दिवे, खाली वाळूत उतराले पायऱ्या. फिनिशिंग पाहा तुमी! उतार बरोबर, पानी निघाची भोकं बरोबर. आपल्या पारीवर तसंच कराचं. ग्रामपंचायतीत कागद आला हाय नं सौंदर्यीकरनाचा?"

कागद आला होता हे खरं. पाळीवर गट्टू, म्हणजे सिमेंटचे फरशीचे ठोकळे, हायमास्ट, ओपन जिम, गावाच्या नावाची मोठी अक्षरं आणि एक सेल्फी पॉइंट. आमचा रीलवाला पोट्टा तेवढ्यासाठी महिनाभर ग्रामसेवकाच्या मागं लागला होता.

"तुले काम भेटन म्हनून सांगून राह्यला," सोसायटीवाला म्हणाला. तो ढिवर, मच्छीमार सोसायटीचा सभासद. तलाव त्यांच्या सोसायटीकडं ठेक्यानं आहे.

"भेटन तं भेटन. त्याच्यात पाप हाय का?"

"पाप नाई. पन मी जाळं कोठी वाळवू? तुह्या ओपन जिमवर?"

पोट्टा हसला. सोसायटीवाला मात्र तापलाच होता. पाळीच्या उत्तर टोकाला जाळी वाळतात, डोंगे उलटे ठेवतात, शिंगाडे निघाले की त्याचे ढीग तिथंच. त्याची आई अजूनही तलावाच्या कडेचं देवधान, आपोआप उगवणारं रानधान, झोडून आणते, मूठभर का होईना, उपासाला. "गट्टू लागले का दुसऱ्या दिवशी पाटी लागते, इथं जाळं टाकू नये. मंग मी कोनाच्या तलावात मासे धरून राह्यलो?"

मिस्त्रीनं तिथल्या कोळ्यांचा दाखला दिला, त्यांच्या होड्या वेगळीकडं लागतात म्हणाला. सोसायटीवाल्यानं विचारलं, त्यांच्याकडं किती किनारा आहे? मिस्त्री म्हणाला, असन तीन किलोमीटर. "आन आपली पार?" कोणी उत्तर दिलं नाही. आमची पाळ पानठेल्यापासून हनुमानाच्या देवळापर्यंत, एक बिडी ओढेस्तोवर संपते.

गुरुजी वर्तमानपत्र वाचतात, त्यामुळं त्यांच्याजवळ नेहमी एक जास्तीची गोष्ट असते. त्यांनी सांगितलं की २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या पाच किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचा झेंडा, मिळाला, त्यात श्रीवर्धन आहे. हा झेंडा गट्टूसाठी मिळत नाही. तेहतीस निकष आहेत. पाणी तपासतात, संडास स्वच्छ लागतो, बुडणाऱ्याला काढणारा माणूस लागतो, कचऱ्याची सोय लागते.

"आपल्या तलावात वरच्या वस्तीचं गटार येते," आबाजी म्हणाले. "त्याले कोनता झेंडा?"

"पिवळा," पोट्टा म्हणाला, आणि शिव्या खाल्ल्या.

माझं मत विचारलं तेव्हा मी नुकताच चहा सांगितला होता, म्हणून टाळता आलं नाही. मी राइस मिलवर हिशेब लिहितो, मला पाळीचं काही कळत नाही. एवढंच म्हणालो की तलाव कोणाचा हे आधी पाहावं. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, १९५० च्या कायद्यानं गेली आणि पूर्व विदर्भातले सहा हजारांवर तलाव सरकारचे झाले. आमच्यासारखे लहान तलाव, शंभर हेक्टरांच्या आतलं सिंचन असलेले, जिल्हा परिषदेकडं. आधी मालगुजार गावाकडून पाळीवर माती टाकून घ्यायचा, जबरदस्तीनं असेल, पण माती पडायची. आता मासे सोसायटीचे, पाणी शेतकऱ्याचं, निस्तार, म्हणजे रोजच्या वापराचा हक्क, गावाचा, आणि माती टाकायची वेळ आली की तलाव सरकारचा.

"बराबर," आबाजी म्हणाले. "तुडूम तीन वर्षं गळून राह्यलं. त्याचा कागद नाई आला. गट्टूचा आला."

इथं मिस्त्री थोडा नरमला असं मला वाटलं. पण खरा घाव सोसायटीवाल्यानं घातला.

"तू गवंडी हायेस म्हनून इचारतो," तो म्हणाला. "पावसाळ्यात आमी पारीवरून रोज काहून फिरतो? खेकड्याचं, उंदराचं बीळ पाहाले. बिळातून पानी पाझरलं का आमाले मातीवर वल दिसते, आमी तिथं माती कोंबतो. गट्टूखालचं बीळ तुले कसं दिसन?"

मिस्त्री गप्प राहिला. मग ओट्यावरच बोटानं रेघ ओढायला लागला. गवंडी माणूस विचार करायला लागला की त्याचं बोट चालतं.

"तिथली भित समुद्र अडवते," तो हळू म्हणाला. "भितीच्या मागं जमीन हाय. समुद्र थापा मारते, माती खाते, म्हनून भित. आपल्या पारीच्या मागं..."

"आपल्या पारीच्या मागं खाली धान हाय," आबाजी म्हणाले. "अन् धानाच्या मागं आमचं घर."

"होय. म्हंजे उलटं झालं. तिथी गट्टू फुटला तं गट्टूच फुटला. इथी गट्टूखाली पार फुटली तं..." त्यानं रेघ पुसली. "बगीच्याची झाडंबी नाई लावता येत मंग. मोठं झाड मेलं का मूळ सडते, अन् मुळाची नळी होते."

मला वाटलं, मिटलं. पोट्ट्यानं तेवढ्यात सेल्फी पॉइंट तरी राहू द्या म्हणून अर्ज केला, तो कोणी ऐकलाच नाही. चहा आला. गुरुजींनी गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेची आठवण काढली, २०१७ ची, आणि शेजारच्या गावानं तलावाचा गाळ शेतात नेल्यावर धान कसं आलं ते सांगू लागले. ते पाच मिनिटं चाललं, सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी अडवलं नाही.

मिस्त्री मधेच म्हणाला, "मी एक गोष्ट नाई सांगतली."

तिसऱ्या दिवशी जावई शाळेत, पोरगी स्वयंपाकात. हा आणि वहिनी संध्याकाळी काठावर गेले. याला बंधाऱ्याचं काम पाहायचं होतं म्हणून हा टोकापर्यंत गेला, तिथं एका मजुराशी बोलत बसला. वहिनी बाकावर बसून राहिल्या. परत आला तेव्हा अंधार पडायला आला होता, दिवे लागले होते, आणि वहिनी जशा बसवल्या होत्या तशाच बसल्या होत्या.

"मी म्हनलं, कटाळली का वो? तं म्हनते, कायले? मंग म्हनते, इतका वेळ मी आजपर्यंत कोठीच बसली नाई. घरी बसली तं कोनी हाक मारते. देवळात बसली तं पुजारी पाहाते. इथं दोन तास झाले, कोनी इचारलं नाई कोनाची कोन."

ठेलेवाल्याचा पितळी चमचा डब्यावर वाजायचा थांबला.

"आपल्या गावात बाईले बसाची जागा सांगा," मिस्त्री म्हणाला. "एक. आपल्याले हा ओटा हाय. पोट्ट्याईले शाळेमागचं मैदान. बाया पानघाटावर कपडे धुतात, त्याले बसनं म्हनत नाई."

गुरुजींनी बचतगटाच्या बैठकीचं नाव घेतलं. मिस्त्री म्हणाला, तिथं सही कराले जातात. आबाजींनी लग्नाच्या मांडवाचं नाव घेतलं आणि स्वतःच परत घेतलं. सोसायटीवाला बराच वेळ बोलला नाही. त्याची बायको सकाळी मासे घेऊन बाजाराला जाते, दुपारी जाळं सांधते. मी पाहिलंय, जाळं सांधताना ती पाळीवरच बसते, पण तेही कामच झालं.

"बाक कोठी ठेवाचे?" शेवटी त्यानंच विचारलं.

मग हिशेब सुरू झाला, आणि तो माझ्याकडं आला, कारण कागद-पेन माझ्याजवळ. पहिली ओळ तुडूम, आबाजींनी ती दोनदा अधोरेखित करून घेतली. मग गटाराचं तोंड वळवायचं. पाळीच्या मातीला हात लावायचा नाही, गट्टू खोडले. ओपन जिम खोडलं. अक्षरं पोट्ट्याच्या विनवणीवरून राहिली, पण हनुमानाच्या देवळाजवळ, जिथं पाळ संपून पक्की जमीन लागते तिथं. बाकही तिथंच, चार. एक दिवा, हायमास्ट नको, डोळ्यात येतो. एक संडास, बायांचा. यावर वाद झाला नाही, हे मला विशेष वाटलं.

वाद झाला तो बाकाच्या तोंडावर.

आबाजी म्हणाले, रस्त्याकडं तोंड पायजे. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या बैलाचा पाय मोडला, हे दिसलं पाहिजे, नाहीतर बसून करायचं काय? गुरुजींनाही ते पटलं. मिस्त्री म्हणाला, पाण्याकडं. श्रीवर्धनला सगळे बाक पाण्याकडं आहेत.

"पान्यात काय पाहाचं?" आबाजी म्हणाले. "आपलं पानी कोठी जाऊन राह्यलं? चंद्रबिंद्र काई नाई इथं. सकाळी तितकंच, संध्याकाळी तितकंच."

"तुडूम गळते तोवर तितकं नाई," सोसायटीवाला म्हणाला.

"पाहाची गोष्टच नाई जी," मिस्त्री म्हणाला. "रस्त्याकडं पाठ पायजे. ते बसली होती नं, तिची पाठ होती रस्त्याकडं."

मी कागदावर 'बाक ४' लिहून पुढं जागा कोरी सोडली. ठेलेवाला दिवा घालवायला उठला होता, तरी आबाजी आणि मिस्त्री दोघंही उठेनात. आबाजी म्हणत होते, दोन इकडं दोन तिकडं करा. मिस्त्री म्हणत होता, मग दोन बाकांवर तुमीच जाऊन बसान.