शोनब्रुनच्या भिंतींवरची कापलेली चित्रे

व्हिएन्नातील शोनब्रुन राजवाडा पाहायला जाणाऱ्याने वेळ दालनांना द्यावा की बागेला, यावरून आमच्या कट्ट्यावर जोरदार मतभेद झाले. मुलाकडे राहून आलेल्या अण्णांचे म्हणणे असे की, एकूण १,४४१ खोल्यांपैकी चाळीसेक खोल्या पाहतापाहताच सोनेरी नक्षीने डोळे शिणतात आणि मग काहीच लक्षात राहत नाही. बाग मात्र विनातिकीट आहे, तिथे गावातली माणसे सकाळी धावायला येतात आणि १७७९पासून ती सर्वांना खुली आहे. सम्राटांनी लोकांच्या पैशावर उभारलेल्या त्या वैभवातले लोकांकडे खऱ्या अर्थाने परत आले ते एवढेच, असे अण्णांना वाटते.

आमच्यातल्या वास्तुविशारद ताईंना ही विभागणीच मान्य नव्हती. "अण्णा, तुम्ही एकाच रचनेचे दोन तुकडे करता आहात," त्या म्हणाल्या. १६८३च्या तुर्की वेढ्यात इथला जुना शिकारवाडा उद्ध्वस्त झाल्यावर वास्तुविशारद फिशर फॉन एर्लाख याने पहिल्या आराखड्यात राजवाडा चक्क टेकडीच्या माथ्यावर मांडला होता. प्रत्यक्षात तो पायथ्याशी सपाटीवर बांधला गेला, पुढे सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या काळात पाकासी या वास्तुविशारदाने त्याचे रूप पालटले, आणि टेकडीची ती मोकळी जागा १७७५मध्ये ग्लोरिएट या कमानींच्या वास्तूने भरून काढली. छोट्या दालनाच्या खिडकीशी उभे राहिले की फुलांचे वाफे, टेकडीच्या पायथ्याचे नेपच्यूनचे कारंजे आणि वरचे ग्लोरिएट एका सरळ रेषेत दिसतात. ही रेषा खिडकीतून पाहिली नाही, तर बाग अर्धीच पाहिली असे होते. ताईंचा हा मुद्दा मला पूर्णपणे पटला.

इतका वेळ ऐकत बसलेल्या मास्तरांनी मात्र वाद दुसरीकडे वळवला. शोनब्रुनमध्ये 'मिलिओनेनत्सिमर' या नावाची एक खोली आहे. तिच्या भिंती मौल्यवान लाकडाने मढवलेल्या आहेत आणि त्या लाकडात, वेलबुट्टीच्या सोनेरी चौकटींमध्ये, मुघल बादशहांच्या जीवनातले प्रसंग दाखवणारी भारतीय लघुचित्रे बसवली आहेत. चौकटींचे आकार वेडेवाकडे असल्यामुळे राजघराण्यातल्या माणसांनी ती चित्रे कापली आणि निरनिराळ्या चित्रांतले तुकडे जोडून नवी दृश्ये तयार केली. समोरासमोरच्या आरशांत ती खोली अनंतापर्यंत गेल्यासारखी भासते. "आपल्याकडच्या चित्रकाराने एका केसाएवढ्या रेषेसाठी श्वास रोखला असेल, आणि यांनी त्यावर कात्री चालवली," असे म्हणताना मास्तरांचा आवाज चढला होता.

यावर ताईंनी दिलेले उत्तर मला त्या दिवशीच्या चर्चेतले सर्वांत महत्त्वाचे वाटते. ग्लोरिएट आणि बागेतला, मुद्दाम पडका दिसेल असा बांधलेला 'रोमन भग्नावशेष' उभारताना, नॉयगेबॉयडे या, हॅब्सबुर्ग राजघराण्याच्याच एका पूर्वजाने बांधलेल्या राजवाड्यातले खांब आणि घडीव दगड काढून आणले गेले. म्हणजे हा दरबार परक्यांच्या कलेला तुच्छ लेखून कात्री चालवत होता असे नव्हे; त्याच्या लेखी आजोबांचा वाडा आणि हिंदुस्थानातले चित्र ही दोन्ही नव्या रचनेसाठी हाताशी आलेली सामग्री होती. अण्णांनी तर पुढे असेही सुचवले की, भिंतीत बसवल्यामुळेच ती चित्रे टिकली, नाहीतर लिलावांतून कुठे पांगली असती कोण जाणे.

मला ताईंचे स्पष्टीकरण बरोबर वाटते, तरीही त्याने मास्तरांची तक्रार मिटत नाही. एका वास्तूतून काढलेला खांब दुसऱ्या वास्तूत उभा केला तरी तो खांबच राहतो. लघुचित्राचे तसे नसते. मुघल दरबारात अशी चित्रे मुरक्क्यात, म्हणजे चित्रसंग्रहाच्या पोथीत, हाशियासह, म्हणजे भोवतीच्या सजवलेल्या किनारीसह, जपली जात. पुष्कळदा पानाच्या दुसऱ्या बाजूला सुलेखन असे, आणि पाहणारा ते पान हातात धरून, अगदी जवळून, सावकाश पाहत असे. आकृती कापून काढली की कोण कोणाकडे पाहते आहे, बादशहाच्या किती जवळ कोणाला उभे केले आहे, हा सारा अर्थच नाहीसा होतो.

ही चित्रे वेगळ्या नजरेने पाहणे त्या काळच्या युरोपीय माणसाला अशक्य होते, असेही म्हणता येत नाही. मारिया थेरेसाच्या सुमारे शंभर वर्षे आधी ॲमस्टरडॅममध्ये डच चित्रकार रेम्ब्रांने मुघल चित्रे समोर ठेवून त्यांवरून रेखाटने केली होती, आणि त्याच्यासमोरची काही चित्रे आज शोनब्रुनच्या याच खोलीत असावीत, असे कलेतिहासाचे अभ्यासक मानतात. त्याने बसलेल्या माणसांची ठेवण, फेट्याची घडी, हातांची हालचाल बारकाईने टिपली.

ती चित्रे भिंतीतून काढून पुन्हा जुळवावीत, असे मास्तरांचे म्हणणे आहे. ताईंचा त्याला ठाम विरोध आहे, कारण तुकडे काढले तर अठराव्या शतकातली ती खोली मोडेल आणि हरवलेले हाशिये काही परत येणार नाहीत. या बाबतीत मी ताईंच्या बाजूने आहे. पण त्या खोलीत उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला, ही चित्रे कापण्यापूर्वी कशी पाहिली जात होती, हे तिथेच सविस्तर सांगितले गेले पाहिजे, या मास्तरांच्या आग्रहावर आमच्यापैकी कोणाचाही आक्षेप नव्हता.